जमिनीवरचा आठवा प्रकार

गुरुवारी सकाळी, आठव्या प्रकाराची तिसरी फेरी चालू असताना, जयरामभाऊ मटकन खाली बसले. धडपडले असते तर निदान आरडाओरडा तरी झाला असता. ते नुसते बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि बघता बघता त्यांचा सदरा घामाने चिंब झाला. शेजारच्या विनिताताईंनी विचारलं, काय होतंय, तर आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय अशा नजरेने ते त्यांच्याकडे बघत राहिले.

मग बारा माणसांत जो गोंधळ उडायचा तो उडाला. कोणी पाणी आणलं, कोणी हुंगवायला चप्पल काढली, कोणी रिक्षा बघायला नाक्याकडे धावलं. वर्ग घेणाऱ्या पीटरकाकांची सून ॲनिशा घरातून धावत आली, तिने आधी ती चप्पल दूर भिरकावली आणि जयरामभाऊंना आडवं केलं. ज्यांनी सगळ्यांच्या आधी पुढे व्हायचं, ते पीटरकाका मात्र विहिरीच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांचे पायच उचलेनात. कारण त्या घोळक्यात कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट त्यांना माहीत होती. आठवा प्रकार खोटा होता, आणि तो त्यांनी स्वतः रचला होता.

पीटर तुस्कानो हे बोटीवरचे भंडारी. पस्तीस वर्षं त्यांनी जहाजांवर खलाशांना रांधून घातलं, साठीला पापडी गावच्या आपल्या वाडीत येऊन बसले, आणि लॉकडाऊन उठल्यावर लोकांना चीगाँग शिकवू लागले. ही चीन देशातली जुनी कसरत. कसरत म्हटलेलं काकांना खपत नाही, पण दुसरा शब्द सापडेपर्यंत चालवून घेऊ. शरीर, श्वास आणि मन यांचा मेळ घालायचा, आणि अंगातली ‘ची’, प्राणशक्ती म्हणा हवं तर, बेंबीखाली साठवायची. त्या जागेला चिनी भाषेत मोठं नाव आहे. काका तिला टाकी म्हणतात. “श्वास टाकीत सोडा,” एवढंच ते सांगतात. नायगावच्या टॉवरमधून येणाऱ्या, टँकरच्या भरवशावर जगणाऱ्या मंडळींना ही भाषा पहिल्याच दिवशी कळली. टाकी भरलेली असली की माणूस निर्धास्त असतो, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

वर्ग भरायचा विहिरीपाशी. तिथे काकांच्या वडिलांच्या काळी रहाट होता. डोळ्यांवर झापडं बांधलेला रेडा गोल फिरायचा, लोखंडी लोटे पाण्यात बुडायचे, भरून वर यायचे आणि पन्हळीत रिकामे व्हायचे. रहाट गेला, पंप आला, पण रेड्याच्या पायांनी घट्ट झालेलं ते गोल अंगण राहिलं. त्याच गोलात रोज सकाळी सहा वाजता बारा माणसं उभी राहत. सुरुवातीचा एक रिवाज ठरलेला होता. काका ओठांवर बोट ठेवत, मग तेच बोट खाली जमिनीकडे दाखवत, आणि समोरचे सगळे तसंच करत. मन गप्प, शक्ती खाली, असा त्याचा अर्थ. एरवी चार वाक्यं बोलून एक ऐकणाऱ्या विनिताताईसुद्धा त्या खुणेनंतर पाऊण तास चकार शब्द काढत नसत.

हे सगळं काकांना दिलं ते लाम नावाच्या बोसनने. बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. चाळीस वर्षांपूर्वी, काका अठ्ठावीसचे असताना, दोघं एका मालवाहू जहाजावर आठ महिने होते. काका पहाटे चारला उठून पावाचं पीठ मळत. पीठ फुगायला ठेवलं की अर्धा तास मोकळा. एकदा भटारखान्याबाहेरच्या डेकवर येऊन बघतात तर अंधारात लाम एकटाच उभा, आणि दोन्ही हातांनी आभाळ वर उचलतोय. काका हसले नाहीत, शेजारी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही उभे राहिले. तिसऱ्या दिवशी लामने त्यांचे खांदे धरून खाली दाबले आणि गुडघे सैल करून दिले. शिकवणी सुरू झाली ती अशी.

लामचे आजोबा ताओच्या देवळात सेवेला होते. जोर करायचा नाही, अंगाला आपली वाट सापडू द्यायची, असं ते सांगत, आणि लामही तेच सांगायचा. त्याचं इंग्रजी पंधरावीस शब्दांचं, काकांचं त्याहून थोडं बरं. त्यामुळे बहुतेक गोष्टी खुणांवरच चालत. ओठांवर बोट आणि मग डेककडे बोट, ही त्यातलीच पहिली खूण. काका जरा खाकरले, गुणगुणले, पाय आपटला, की लाम ती खूण करायचा. प्रकार एकूण आठ आहेत, हेही त्याने बोटांवर मोजून सांगितलं होतं. सात शिकवून झाले. आठव्याचं विचारलं की मात्र तो मान हलवायचा आणि म्हणायचा, “एट, लँड.” आठवा जमिनीवर. काका हसून मान डोलवत, पण ही टाळाटाळ आहे हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

आणि टाळाटाळीचं कारणही त्यांना ठाऊक होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. एका पहाटे काकांच्या हातून पावाचा पत्र्याचा ट्रे डेकवर पडला. केवढा तरी आवाज झाला. लाम असा काही भडकला की दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून काकांच्या मनाने घेतलं की आपण धसमुसळे, आठव्या प्रकाराच्या लायकीचे नाही. पुढे डर्बनला लामला तार आली, आई आजारी होती, तो तिथेच उतरला. जहाज सुटलं तेव्हा काका पिठाच्या हातांनीच कठड्याशी आले. लाम धक्क्यावर पिशवी शेजारी ठेवून उभा होता. त्याने हसत पायाखाली बोट दाखवलं, आणि मग गर्दीतून कोणाला शोधावं तसा टाचा उंचावून उंचावून बघत राहिला. काकांनी हात हलवला. आपण दिसत नाही असं वाटून आणखी जोरात हलवला. तीच शेवटची भेट.

सात प्रकारांवर काकांचं कधी अडलं नव्हतं. अडलं ते शिकवायला लागल्यावर. आठ प्रकार आहेत असं पहिल्या दिवशी बोलून बसले, आणि सात झाल्यावर विनिताताईंनी विचारलं, आठवा कधी? मला तो शिकवला नाही, एवढं सांगायचं होतं. पण पाठोपाठ का शिकवला नाही हा प्रश्न आला असता, आणि तो त्यांना चाळीस वर्षं सलत होता. ते म्हणाले, उद्या. त्या संध्याकाळी विहिरीपाशी बसल्या बसल्या हात आपोआप फिरू लागले. ओणवं होऊन ओंजळ खाली न्यायची, पाणी भरल्यासारखी वर आणायची, डोक्यावरून पालथी करायची, पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो लामचा म्हणून शिकवला, आणि वर ठोकून दिलं की हा सगळ्यांत बलवान, साती प्रकारांचं सार यात आहे. एकदा थाप मारायचीच तर माणूस हात आखडता घेत नाही.

जयरामभाऊंना तो प्रकार एवढा आवडला की ते घरीही वीस वीस वेळा करायचे. आता ते दवाखान्यात होते.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. ॲनिशाने ताट दोनदा गरम केलं आणि दोनदा झाकून ठेवलं. तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा एल्रॉय, तोही बोटीवरच, त्यामुळे घरात दोघंच. तिने आपल्या बोलीत विचारलं की डॅडी, त्यांना चक्कर आली त्यात तुमचा काय दोष? काका तिच्यावरच खेकसले आणि मग खेकसल्याबद्दल ओशाळले. संध्याकाळी विनिताताईंचा फोन आला. त्या घाबरलेल्या होत्या. त्यांची भाची अश्लेषा पुण्याला एका जाणत्या गुरूंकडे चीगाँग शिकून आता स्वतः शिकवते, तिला त्यांनी रविवारी वाडीत बोलावलं होतं. “तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही हं काका,” त्या म्हणाल्या. “पण आपलं काही चुकत असलं तर कळायला नको?”

कळायला हवंच होतं. काकांनी फोन ठेवला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना लामचा राग आला. आठवा प्रकार दिला असता तर त्याचं काय गेलं असतं? मग त्या रागाचीही लाज वाटली. माणूस दवाखान्यात पडला होता तो लामच्या प्रकाराने नाही, त्यांच्या प्रकाराने. साठी उलटलेल्या माणसाला ओणवं करून पुन्हा ताडकन वर उठवायचं, डोक्यावर हात न्यायला लावायचं, हे कोणत्या आधारावर? पाव भाजणाऱ्या माणसाने? रात्री त्यांनी ठरवून टाकलं. जयरामभाऊंना काही झालं असेल तर वर्ग बंद. झालं नसेल तरीही बंद.

शुक्रवारी सकाळी ॲनिशाने त्यांना स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. वॉर्डात जयरामभाऊ उशीला टेकून चहात बिस्किटं बुडवत होते, आणि त्यांची बायको हंसा स्टुलावर बसून त्यांच्याकडे अशी बघत होती की पेशंटला दवाखान्यापेक्षा घराची भीती वाटावी. काका पायथ्याशी उभे राहिले. आता ही बाई आपल्याला बोल लावणार, आणि लावावाच, अशी त्यांची तयारी होती.

हंसाबाईंनी तोंड उघडलं ते नवऱ्याच्या विरुद्ध. “तुमीच इचारा त्यांना. साखरेची गोली चालू हाये दोन वरसं. सकालची गोली नाश्ता खाऊन मंग घ्यायची, तं हे उपाशी पोटी घेतात नि तुमच्याकडं पलतात. डॉक्टर बोलला, साखर पार तलाला गेलेली.”

काकांना आधी नीट कळलंच नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मग डॉक्टरांनाच गाठून तिसऱ्यांदा विचारलं. डॉक्टर घाईत होते, तरी त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं की दोष गोळीच्या वेळेचा. वेळ बदलून दिली आहे, शनिवारी घरी सोडतील, खाऊन जाणार असतील तर व्यायाम जरूर करू द्या. ओणवं झालेलं चालेल का, काकांनी विचारलं. हळू झाले तर काय हरकत आहे, असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

काका वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. त्यांना रडू येत होतं आणि भूकही लागली होती. ॲनिशाने न विचारता खालच्या टपरीवरून वडापाव आणून हातात ठेवला. काकांनी तो चार घासांत संपवला, हात पुसले आणि पुन्हा आत गेले. प्रकार निर्दोष सुटला होता, पण ते स्वतः सुटले नव्हते.

जयरामभाऊ खाली मान घालून बसले होते. “पयल्या दिशी तुमी इचारलंत, कोनाला काय आजार हाये का,” ते म्हणाले. “मना वाटला, सांगितला तं परत धाडाल. म्हनून दडवला. चुकला माजा, मास्तर.”

“माझंही एक आहे,” काका म्हणाले. “जयरामभाऊ, तो आठवा प्रकार लामचा नाही. मला आठवा कोणी शिकवलाच नाही. तो मी आपल्या मनाने जोडला.”

बोलून झालं आणि ते वाट बघत राहिले. जयरामभाऊंनी बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं, ते मोडलं, अर्धं काकांना दिलं.

“रहाट हाये तो,” ते म्हणाले. “पयल्याच दिशी वलखला मी. माजा अख्खा लहानपन रहाटाच्या रेड्यामागं गेला. लोटा भरतो कसा नि उलटा होतो कसा, त्ये मना कोन शिकवनार? मना वाटला, चिन्यांकडं पन रहाट असंल.”

काका हसले. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. हंसाबाई म्हणाल्या की हसायला काय झालं, आणि त्याही हसायला लागल्या. जयरामभाऊ मात्र गंभीरच होते. घरचा रहाट मोडला तेव्हापासून हातांना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं, ते वाडीत परत सापडलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणून तर ते वीस वीस वेळा करायचे. बाकीच्यांना सांगायचं की नाही ते मास्तरांनी बघावं. पण नायगावच्या विनिताताई भाचीला आणणार आहेत हे फोनवरून त्यांनाही समजलं होतं, तिला एका नजरेत कळणार, तेव्हा आपल्या तोंडाने आधी सांगितलेलं बरं, एवढा सल्ला त्यांनी दिला. दवाखान्यातल्या माणसाने धडधाकट माणसाला धीर द्यावा, असा तो मामला झाला.

रविवारी सगळे आले. जयरामभाऊही आले, भाकरी खाऊन, वर दोन केळी सदऱ्याच्या खिशात घेऊन, आणि हंसाबाईंच्या हुकमाप्रमाणे खुर्चीत बसले. अश्लेषा तिशीची, केस आवळून बांधलेली मुलगी. आल्या आल्या तिने काकांना वाकून नमस्कार केला, आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नमस्कार घेऊन मग कबुली देणं त्यांच्याने होईना. “थांब,” ते म्हणाले, “आधी ऐकून घे.” आणि गोलाच्या मधोमध उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. सात प्रकार लामचे, आठवा आपला, रहाटावरून उचललेला. लायकी नव्हती म्हणून त्याने दिला नाही, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून आपण खोटं बोललो. ट्रे पडल्याचंही सांगितलं.

विनिताताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या गुडघ्यांना या वर्गाने खरोखर आराम पडला होता, सगळ्या टॉवरभर त्या लामचं नाव सांगत फिरायच्या. “चार वर्षं, काका?” त्या म्हणाल्या. काका म्हणाले, हो, चार वर्षं. त्या म्हणाल्या की पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी सात प्रकार आनंदाने केले असते. काका म्हणाले, तेही खरं. यावर भांडायला काही उरलंच नाही, तेव्हा विनिताताईंनी विचारलं, “मग सुरुवातीची ती खूण? तीही तुमचीच?”

“नाही. ती लामचीच. येशूची शपथ.”

अश्लेषा मात्र या सगळ्यात फार गुंतली नाही. जुन्या जहाजावरच्या माणसाकडून आलेले सात प्रकार तिला बघायचे होते. काकांनी ओठांवर बोट ठेवलं, खाली दाखवलं, आणि सुरुवात केली. आभाळ उचललं, धनुष्य ताणलं, एक हात वर एक हात खाली दाबला, मागे वळून पाहिलं. ती हात मागे बांधून बघत राहिली. सात झाल्यावर म्हणाली की पाय जरा जास्तच फाकलेले आहेत, पण बाकी सगळं नितळ आहे, असं तिला क्वचित बघायला मिळतं. काकांनी खुलासा केला की जहाज हलतं, पाय फाकवल्याशिवाय उभंच राहता येत नाही. यावर सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. चार वर्षं ही सगळी मंडळी पापडीच्या भक्कम जमिनीवर जहाज सांभाळत उभी होती.

“ती बोटाची खूण मात्र मी कुठेच पाहिली नाही,” अश्लेषा म्हणाली.

तेवढी एकच गोष्ट काकांनी लामची म्हणून शपथेवर सांगितली होती. पण ती पुढे म्हणाली की असेल त्यांच्याकडची काही रीत, आणि आठवा प्रकार दाखवायला गोलात आली. तो अगदी सोपा आहे, ती म्हणाली, लहान मुलंसुद्धा करतात. रहाटाचा जुना दगडी चौथरा विहिरीला लागून होता, त्यावर ती चढली. ताठ उभी राहिली, हात सैल सोडले, श्वास घेत दोन्ही टाचा उचलल्या, चवड्यांवर क्षणभर थांबली, आणि मग अंगाचा सगळा भार सोडून टाचा खाली आपटल्या.

धप्. दगड घुमला. पुन्हा टाचा वर, पुन्हा धप्. असं सात वेळा, ती म्हणाली, अंगातली सगळी कुरकुर पायांतून जमिनीत.

पीटरकाकांनी विहिरीचा कठडा धरला. पण या वेळी कोणी घाबरू नये म्हणून लगेच हात वर करून सांगितलं की बरा आहे, मी बरा आहे.

त्यांना डेक दिसत होता. पहाटेचे साडेचार. वर ते दोघे आणि पायाखाली लोखंडाचा एक पत्रा. त्या पत्र्याखाली सेकंड ऑफिसरची केबिन. सेकंड ऑफिसरची ड्यूटी बारा ते चार. म्हणजे बिचारा नुकता कुठे अंथरुणावर पडलेला. ओठांवर बोट, मग खाली बोट. हळू, खाली माणूस झोपलाय. एवढंच. मन नाही, शक्ती नाही, टाकी नाही. ट्रे पडला तेव्हा लाम भडकला तो काकांच्या धसमुसळेपणावर नाही, खालचा साहेब उठला असता म्हणून. आणि ज्या प्रकारात सात वेळा टाचा आपटायच्या, तो त्या पत्र्यावर लाम शिकवणार कसा? आठवा जमिनीवर. त्याने टाळलं नव्हतं, जागा सांगितली होती.

मग त्यांना डर्बनचा धक्का दिसला. ते चौथऱ्यावर बसले. लामने हसत पायाखाली बोट दाखवलं होतं. बघ, जमीन. मग त्याने टाचा उचलल्या आणि सोडल्या, उचलल्या आणि सोडल्या. तो काकांना शोधत नव्हता, त्याला काका दिसत होते. जहाज दूर जात असताना तो शिकवत होता, आणि काका हात हलवत होते.

हे सगळं त्यांनी मोठ्याने सांगितलं. एवढ्या माणसांसमोर त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. चाळीस वर्षं छातीवर घेऊन वावरलेली गोष्ट मुळात नव्हतीच. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की मधूनच हसूही येत होतं. “सात होते का गं?” त्यांनी अश्लेषाला विचारलं. “मी मोजले नाहीत.”

“सातच असणार,” ती म्हणाली.

विनिताताई इतका वेळ गप्प होत्या, तो त्यांच्यासाठी विक्रमच. त्या म्हणाल्या, म्हणजे चार वर्षं रोज सकाळी आपण सगळे एकमेकांना सांगतोय की हळू, खाली साहेब झोपलाय? आणि त्या जे हसत सुटल्या, त्यांच्यामागे सगळी वाडी. हसून झाल्यावर त्यांनीच निकाल दिला. खूण राहू द्यायची, कारण तिने आपलं तोंड बंद राहतं, आणि घरच्यांना त्याचा फायदा आहे. रहाट नववा म्हणून ठेवायचा, पण पीटर तुस्कानोंच्या नावाने. यापुढे उधारीचं नाव नको. खुर्चीतून जयरामभाऊंनी मान डोलावली आणि पहिलं केळं सोललं.

मग सगळे आठव्यासाठी उभे राहिले. अश्लेषा बाजूला झाली आणि तिने काकांना पुढे केलं. काकांनी हात सैल सोडले, श्वास टाकीत घेतला, टाचा उचलल्या. त्यांच्यामागे अकरा जणांनी उचलल्या. काका चवड्यांवर उभे होते. अंग भार सोडायला तयार होतं, पण टाचा खाली येईनात. आवाज करायचा नाही, ही शिस्त हाडांत मुरली होती. मागे विनिताताईंचे पाय लटपटू लागले, कोणीतरी शेजाऱ्याचा खांदा धरला, पण मास्तरांच्या आधी कोणी टेकेना.

“सोडा आता, मास्तर,” जयरामभाऊ खुर्चीतून म्हणाले.

काकांनी खाली पाहिलं. रेड्याच्या पायांनी घट्ट झालेली माती होती, तिच्याखाली आणखी माती, तिच्याखाली विहिरीचं पाणी. खाली कोणी झोपलेलं नव्हतं. त्यांनी टाचा सोडल्या.